ऐकीव गोष्टीचे व्याकरण

आमचा आणि जर्मन भाषेचा संबंध येण्याचे तसे काहीच कारण नव्हते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेतले बी.एड. शिक्षक. घरात दख्खनी, बाजारात मराठी आणि वर्गात उर्दू अशा तीन भाषांत आमचा दिवस जातो. पण २०२४ साली महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला आणि नर्सिंग केलेल्या आमच्या भाचीने जर्मनचा क्लास लावला. घरात कुणी व्याकरण घोकत असेल तर शिक्षकाला गप्प बसवत नाही. आम्हीही तिची पुस्तके चाळू लागलो.

एके संध्याकाळी तिच्या वहीत दोन वाक्ये दिसली. ‘एर इस्ट क्रांक’, म्हणजे तो आजारी आहे. त्याखाली ‘एर जाय क्रांक’. आम्ही लाल पेन उचलले.

“अगं, ‘इस्ट’चे ‘जाय’ कसे झाले? चुकलंय हे.”

“नाही मामू. पहिल्या वाक्यात तो आजारी आहे हे मी सांगते. दुसऱ्यात तो स्वतः तसं सांगतो, मी फक्त तुमच्यापर्यंत पोचवते.”

आम्ही पेन खाली ठेवले. जर्मन भाषेत दुसऱ्याचे बोलणे सांगताना क्रियापदाचे रूपच बदलते. त्याला ते ‘कोन्युंक्टिव्ह एक’ म्हणतात. ‘तो येतो’साठी ‘कोम्ट’, पण ‘तो येतो असे तो सांगतो’ म्हणायचे तर ‘कोमे’. ‘हाट’चे ‘हाबे’ होते. जिथे हे रूप नेहमीच्या रूपासारखेच दिसते, तिथे घोटाळा नको म्हणून ‘कोन्युंक्टिव्ह दोन’ वापरतात. इंग्रजी शिकवताना आम्ही मुलांकडून ‘इज’चे ‘वॉज’ घोकून घेतो. इथे ‘म्हणाला’ भूतकाळात आहे म्हणून आतल्या वाक्याचा काळ मागे सरकत नाही. शिवाय ‘तो म्हणाला’ एकदा लिहिले की पुढची दहा वाक्ये त्याच रूपात चालवता येतात. बोलणारा कोण आणि निरोप्या कोण, हे वाचणाऱ्याला प्रत्येक क्रियापदात दिसत राहते.

घरगुती बोलण्यात जर्मन माणसे हे रूप फारसे वापरत नाहीत. त्याची खरी जागा वर्तमानपत्रात, बातम्यांत, सभेच्या इतिवृत्तात. आणि त्यात संशय नसतो. ‘तो खोटे बोलतो’ असेही नाही, ‘खरे बोलतो’ असेही नाही. फक्त ‘हे बोल माझे नव्हेत’ एवढेच.

आपल्याकडे काय आहे? मराठीत ‘म्हणे’ आहे. पण ‘तो म्हणे आजारी आहे’ यात बोलणाऱ्याचे तोंड जरा वाकडे झालेले दिसते. उर्दूत ‘सुना है’ आहे, आणि उर्दू अखबारात ‘मुबय्यना’ हा शब्द येतो, मराठीतल्या ‘कथित’सारखा. पण तो मथळ्यात एकदा येतो आणि चौथ्या ओळीपर्यंत गळून पडतो. तेवढ्यात आरोपी गुन्हेगार झालेला असतो. आपल्या बुजुर्गांना हा धोका ठाऊक होता. म्हणून तर रिवायत सांगताना कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी ते आधी सांगत.

या निमित्ताने वाचताना एक प्रसंग सापडला. १९३८ साली जर्मनीत ज्यूंवर झालेल्या हल्ल्यांना ५० वर्षे झाली, तेव्हा १० नोव्हेंबर १९८८ रोजी पश्चिम जर्मनीच्या संसदेत अध्यक्ष फिलिप येनिंगर यांनी भाषण केले. हिटलरच्या काळात सामान्य जर्मन माणूस मनात काय म्हणत होता, हे त्यांना दाखवायचे होते. पण ‘लोकांना असे वाटे’ हे दर वेळी न जोडता त्यांनी ते विचार मांडले, आणि वाचलेही सपाट सुरात. ऐकणाऱ्यांना वाटले, हे यांचेच विचार. कित्येक सभासद उठून गेले. दुसऱ्याच दिवशी येनिंगर यांना पद सोडावे लागले. पुढे इग्नात्स बुबिस या ज्यू नेत्याने त्यातलाच काही भाग आपल्या भाषणात वापरला, तेव्हा कोणी हरकत घेतली नाही.

हे वाचले आणि आमची जुनी जखम उघडी पडली.

काही वर्षांपूर्वी आमच्या सातवीच्या वर्गात सहलीचे पैसे गायब झाले. एका मुलाने एकाचे नाव घेतले. आम्ही त्याच दुपारी त्या मुलाच्या वडिलांना उर्दूत चिठ्ठी धाडली, ‘आपके फ़रज़ंद ने सैर के पैसे लिए हैं.’ वडील हमालीचे काम अर्धे टाकून आले. त्यांनी विचारले, “सर, आपने देखा?” आम्ही म्हणालो, “बच्चे ने देखा.” त्या बच्च्याला बोलावले, तर तो म्हणाला, “मैंने उसको मेज़ के पास खड़ा देखा था.”

बस्स, एवढेच त्याने पाहिले होते. बाकीचे आम्ही लिहिले होते.

चौथ्या दिवशी पैसे हजेरीपटाच्या कव्हरात सापडले. आम्हीच ठेवले होते. आम्ही त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. वडील म्हणाले, “हो जाता है, सर,” आणि चिठ्ठी घडी घालून परत दिली. मुलगा शाळेत येत राहिला. पण पूर्वी प्रत्येक प्रश्नाला सर्वांत आधी हात वर करणारा तो मुलगा, वर्ष संपेपर्यंत त्याने हात वर केला नाही.

जर्मनमध्ये लिहिले असते तर ‘हाट’ऐवजी ‘हाबे’ आले असते, आणि त्या बापाला निदान इतके कळले असते की हे सर सांगत नाहीत, कोणीतरी सांगितलेले सर कळवतात. अर्थात क्रियापद बदलल्याने माणूस बदलत नाही. ‘हाबे’ लावूनही अफवा पसरवता येते. पण ते रूप लिहिणाऱ्याला दर वाक्याला थांबवून विचारते, ‘हे तू पाहिलेस की ऐकलेस?’ आम्हाला त्या दुपारी कोणी विचारले नाही, आणि आम्हीही स्वतःला विचारले नाही.

आता आमच्या वर्गात तक्रार आली की फळ्यावर दोन रकाने काढतो, ‘देखा’ आणि ‘सुना’. मुले स्वतःच ठरवतात कोणते वाक्य कुठे जाईल. ‘देखा’चा रकाना बहुतेक वेळा रिकामाच राहतो.

ती चिठ्ठी आम्ही जपून ठेवली आहे. दर जूनमध्ये नवा वर्ग हाती आला की पहिल्या तासाला जाण्याआधी ती एकदा वाचतो.