दोन काळांचे घर आणि सिमेंट

नगर जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यातील प्रस्तुत लेखकाचे घर दोन काळांचे आहे. पुढचा सोपा व माजघर दगड-मातीचे, वर माळवद. मागच्या खोल्या बऱ्याच नंतरच्या, विटांच्या आणि आरसीसी स्लॅबच्या. दुरुस्तीत सिमेंटचा संबंध दोन्हीकडे आला, मात्र पुढच्या भागात ते लावण्यापेक्षा काढण्याचेच काम अधिक निघाले.

दगड-मातीच्या भिंतीत जमिनीतली ओल वर चढते आणि भिंतीच्या अंगातूनच बाहेर पडते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा तिला वाट देतो, सिमेंटचा अडवतो. सोप्याला मागे कधीतरी मजबुतीच्या नावाखाली सिमेंटचे प्लास्टर झाले होते. त्यामागे ओल कोंडली. कालव्याखालच्या या पट्ट्यात जमिनीत क्षार मुबलक, त्यामुळे लोणा लागला आणि कमरेपर्यंत पोपडे सुटले. पोपडा उचलला की आतली माती पिठासारखी हाताला लागे. सगळे प्लास्टर छिन्नीने उतरवून भिंत उन्हाळाभर उघडी ठेवली, मग चुना-वाळूचा गिलावा केला. जोत्याच्या दरजाही चुन्यातच भरल्या. नगरच्या फराहबाग महालाच्या भिंतींवर निजामशाहीपासून चुन्याचाच गिलावा आहे, तरी चुन्यात हात बसलेला गवंडी आता शोधूनच आणावा लागतो.

मागच्या खोलीत स्लॅबचे तुकडे गळत होते. काँक्रीटमधील अल्कता लोखंडाला गंजापासून वाचवते. हवेतील कार्बन डायऑक्साइडने आणि झिरपणाऱ्या पाण्याने हे संरक्षण संपले की सळई गंजते, गंज मूळ लोखंडाहून जास्त जागा घेतो आणि खालचे काँक्रीट ढकलून देतो. हातोडीने ठोकत गेल्यास पोकळ जागी बद्द आवाज येतो. तेवढा भाग सळईच्या मागेपर्यंत फोडला, तारेच्या ब्रशने गंज घासला, गंजरोधक लावला आणि पॉलिमर मिसळलेला माल थरांत दाबून भरला. नुसते वरून प्लास्टर मारणे ही सर्रास चालणारी पद्धत, पण आत गंज तसाच राहिल्याने ते पुन्हा सुटून पडते. सळया बऱ्याच झिजलेल्या असतील तर गवंड्याच्या अंदाजावर न राहता अभियंत्याला बोलवावे. अर्थात, वरची गळती आधी थांबवली नाही तर खालची सगळी मेहनत फुकट.

मागच्या दारावरचा छज्जा मोडून नव्याने ओतला. एम-२० दर्जासाठी सिमेंट, वाळू, खडी यांचे प्रमाण साधारण १ : १.५ : ३, आणि ५० किलोच्या पोत्याला ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको. वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणीही यातच मोजायचे. प्रत्यक्षात माल घट्ट वाटू लागला की बिगारी घमेल्यात पाणी ओततो. माल थापीला सोपा जातो, पण जादा पाणी उडून गेल्यावर तिथे बारीक छिद्रे राहतात आणि ताकद घटते. आयएस ४५६ या मानकानुसार लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतच चालते. बोअरचे पाणी खारे असल्याने छज्ज्यासाठी नळाचे पाणी साठवले.

सिमेंट वाळून नव्हे, पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने घट्ट होते. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित पीपीसीला किमान १० दिवस पाणी मारावे लागते. नगरच्या कोरड्या वाऱ्यात सकाळचे पाणी दुपारपर्यंत टिकत नाही, म्हणून ओली गोणपाटे लागतात. इथे एक स्थानिक अडचण आहे. लोणी-प्रवरानगरसारख्या सहकारी साखर कारखान्यांचा हा जिल्हा, त्यामुळे घरोघरी सापडणारे गोणपाट पुष्कळदा साखरेचे असते. साखर अगदी थोडी असली तरी सिमेंटचे घट्ट होणे लांबवते आणि ताज्या काँक्रीटचा पृष्ठभाग भुसभुशीत राहतो. चुन्यात गूळ घालण्याची जुनी चाल आहे, पण ती सिमेंटला लागू नाही. गोणपाटे धुऊन घ्यावीत किंवा धान्याची वापरावीत.

राहता राहिली जुन्या आणि नव्या भागांमधली उभी भेग. खालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दोन्ही भाग आपापल्या पायावर हलतात. सिमेंटने बुजवलेली भेग अशा जागी दरवर्षी उघडते. ती मोकळी करून लवचीक सीलंटने भरली आणि पागोळ्यांचे पाणी पायापासून दूर नेण्यासाठी बाहेर उताराची फरशी केली.