मोत्यासारखे फोड आणि सब्रचे अकरा महिने

मुलाच्या अंगावर काही उठलं की घरात इलाज सांगणाऱ्यांची कमतरता नसते. नानी एक सांगते, फुप्पी दुसरं सांगते, औषधाच्या दुकानातला मुलगा तिसरंच काही हातात ठेवतो. सगळ्यांच्या मनात मुलाचं भलंच असतं. पण सगळे इलाज एकाच मुलाच्या कातडीवर होणार असतात, हे लक्षात ठेवण्याचं काम आईलाच करावं लागतं.

माझा धाकटा सात वर्षांचा असताना त्याच्या काखेखाली तीन-चार दाणे दिसले. ज्वारीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान, मोत्यासारखे चमकदार, आणि प्रत्येकाच्या मधोमध सुईने टोचल्यासारखा खड्डा. ताप नव्हता, दुखत नव्हतं. दोन महिन्यांत ते पोटावर, बरगडीवर आणि मानेवर पसरले. एका जुम्म्याला आंघोळ घालताना मोजले तेव्हा अडतीस भरले.

शेजारच्या खालांनी चुना आणि सोडा लावायला सांगितलं. फुप्पी बिब्बा घेऊन आल्या. मी दोघींचे आभार मानले, चहा दिला आणि दोन्ही गोष्टी लावल्या नाहीत. चुन्याने कातडी भाजते. बिब्बा उतला की काय होतं, हे आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या बाईला माहीत आहे. सात वर्षांच्या मुलाच्या काखेतली कातडी किती नाजूक असते! औषधाच्या दुकानातून एक ट्यूब सुचवली गेली. तिच्यावर तीन औषधांची नावं होती आणि त्यातलं एक स्टेरॉइड होतं. खाज, खरूज, नायटा, सगळ्यांवर हीच ट्यूब खपते. पण विषाणूमुळे झालेल्या फोडांवर डॉक्टरांना न विचारता स्टेरॉइड लावलं तर त्या जागेची लढण्याची ताकदच दबते. तीही परत केली.

मग एका दवाखान्यात गेलो. तिथे सगळे फोड एकाच बैठकीत खरवडून काढायचं ठरलं. दोघांनी हात धरले, एकाने पाय. चौथ्या फोडापर्यंत मुलगा रडून रडून ओकला. त्याच्या अब्बूंनी तिथेच थांबवलं. खरवडणं हा इलाज चुकीचा नाही. बधिर करणारं मलम आधी लावून, थोडे-थोडे फोड काढले तर तो चांगला इलाज आहे. पण त्या दिवसानंतर कित्येक आठवडे माझा मुलगा पांढरा कोट दिसला की माझ्या दुपट्ट्यामागे लपायचा.

पुढे एका मैत्रिणीने त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंचा पत्ता दिला. त्यांनी आधी मुलाशी गप्पा मारल्या, हात लावण्याआधी त्याला विचारलं, आणि मग आम्हाला नीट समजावलं. या आजाराचं नाव मोलस्कम कंटॅजिओसम. हे नाव इंग्रज डॉक्टर थॉमस बेटमन यांनी १८१७ साली दिलं. हा विषाणू देवीच्या विषाणूच्या मोठ्या कुळातला आहे. हे ऐकून नानींचा हात आपल्या दंडावरच्या देवीच्या लसीच्या खुणेकडे गेला. डॉक्टर हसून म्हणाल्या, "घाबरू नका, नानी. देवी १९८० सालीच जगातून संपल्याचं जाहीर झालं. हा त्याच कुळातला असला तरी अगदी गरीब आहे. कातडीच्या वरच्या थरातच राहतो, रक्तात उतरत नाही."

निरोगी मुलांमध्ये हे फोड बहुतेक वेळा आपोआप जातात. सहा महिने ते दीड वर्ष लागू शकतं, काही मुलांना त्याहून जास्त. शेवटचा फोड गेला की विषाणूही गेलेला असतो. कांजिण्यांच्या विषाणूसारखा तो शरीरात दडून बसत नाही. मात्र नंतर पुन्हा संसर्ग होऊ शकतो.

"मग काहीच करायचं नाही?" मी विचारलं. त्यांनी सगळे पर्याय मांडले. नुसती वाट पाहणं हाही मान्य असलेला मार्ग आहे. द्रव नायट्रोजनने गोठवणं, खरवडणं, किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं सौम्य द्रावण घरी लावणं, हे दुसरे मार्ग. प्रत्येकाने थोडी जळजळ होते, डाग किंवा व्रण राहू शकतो. सगळ्यांपेक्षा हमखास चांगलं असं एकही औषध नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. त्या प्रामाणिकपणाने मला सगळ्यात जास्त धीर दिला.

आम्ही मधला मार्ग घेतला. पोटावरचे आणि बरगडीवरचे फोड तसेच सोडले. मानेवर कॉलर घासून खाज सुटायची, तिथल्या सहा फोडांवर डॉक्टरांनी लिहून दिलेलं द्रावण लावलं. आजूबाजूच्या कातडीला व्हॅसलीन, मग काडीच्या टोकाने फक्त फोडावर एक थेंब. फोड लालसर झाला की लावणं बंद. काडी मुलाच्या हातात आणि माझा हात त्याच्या हातावर, असं आम्ही करायचो. आपल्या अंगावर काय होतंय ते त्याला दिसत होतं, म्हणून तो रडला नाही.

बाकी सगळं घरकाम होतं. नखं दर जुम्म्याला कापायची, कारण खाजवलं की तेच बोट पुढच्या जागी विषाणू पेरतं. फोड फोडायचे नाहीत, पिळायचे नाहीत. आंघोळीनंतर अंग टिपून कोरडं करायचं आणि खोबरेल लावायचं. खोबरेलाने विषाणू मरत नाही, पण कातडी मऊ राहते आणि खाज कमी होते. कडुनिंबाच्या पाण्याला डॉक्टरांची हरकत नव्हती, फक्त त्याने फोड जातील अशी आशा धरू नका म्हणाल्या. आम्ही सोलापूरचे, टॉवेलच्या गावचे. तरी घरात तीन मुलांत एकच टॉवेल फिरायचा. आता प्रत्येकाचा रंग ठरला. धाकट्याने हिरवा घेतला.

सगळ्यात कठीण गोष्ट मात्र औषधाची नव्हती. मकतबमध्ये एका आईने उस्तानींना सांगितलं की या मुलाला वेगळं बसवा. उस्तानी बिचाऱ्या संकोचल्या आणि त्याची चटई दाराजवळ गेली. घरी येऊन तो दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मगरिबच्या वेळी, वुजू करता करता त्याने विचारलं, "अम्मी, मी नापाक आहे का?"

वीस वर्षं मी वर्गात मुलांचे प्रश्न ऐकते आहे. इतका जड प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी त्याला जवळ घेतलं आणि सांगितलं, "बेटा, आजार वेगळा आणि नापाकी वेगळी. तुझ्या कातडीवर दाणे आहेत, तुझ्यात काही खोट नाही." त्याच्या अब्बूंनी त्याच रात्री त्याला मशिदीत नेलं आणि पहिल्या सफमध्ये आपल्या शेजारी उभं केलं. इमाम साहेबांनीही त्याच्या डोक्यावर हात ठेवून हेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी उस्तानींकडे आणि मग त्या आईकडे गेले. भांडायला गेले नाही. तिचं बाळ आठ महिन्यांचं होतं, तिची भीती खरी होती. हा आजार लागतो, हे मी नाकारलं नाही. कातडीला कातडी घासली, टॉवेल किंवा कपडे एकमेकांचे वापरले तर लागतो. शेजारी बसून सबक घेतल्याने, हवेतून किंवा खोकल्यातून लागत नाही. फोड पूर्ण बाहीच्या कुर्त्याने झाकलेले असतील आणि उघडा राहिलेला फोड पट्टीने बंद केला असेल तर मुलाला शाळेतून किंवा मकतबमधून काढण्याचं कारण नाही. तिने ऐकून घेतलं. पुढच्या सोमवारी चटई आपल्या जागी परत आली.

आठव्या महिन्यात पोटावरचे फोड अचानक लाल झाले, सुजले. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी बोलावून तपासलं आणि म्हणाल्या, "ही चांगली खूण आहे. शरीराने विषाणूला ओळखलंय." ताप नव्हता, पू नव्हता, म्हणून अँटिबायोटिकही दिलं नाही. तीन आठवड्यांत निम्मे फोड सुकले. अकराव्या महिन्यात शेवटचा गेला. दोन-तीन बारीक खड्डे राहिले आहेत, तेही पुसट होत चाललेत. अल्हम्दुलिल्लाह.

ज्या घरात असे दाणे दिसतील, त्या माझ्या बहिणींनी एकदा तरी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून नाव निश्चित करून घ्यावं. पापणीवर किंवा डोळ्याजवळ फोड आला, पू किंवा ताप आला, लाली भोवती पसरून दुखू लागली, मुलाला एक्झिमा असेल किंवा फोड फार झपाट्याने वाढत असतील तर थांबू नये. मोठ्या माणसाला असे फोड आले तर त्यानेही संकोच न करता डॉक्टरांकडे जावं. प्रेषितांनी (स.) इलाज करण्याची ताकीद दिली आहे, आणि मुलांवर रहम करायलाही शिकवलं आहे. दोन्ही एकत्र पाळता येतात. टॉवेल जरूर वेगळा ठेवा, मूल वेगळं ठेवू नका. अल्लाह सगळ्यांच्या लेकरांना शिफा देवो. आमीन.