नकाराचा रकाना

2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला गोवर पसरला, तेव्हा आमच्या यंत्रमागाच्या गावातही आशाताईंचं प्रशिक्षण ठेवलं. मोहल्ल्यातला डॉक्टर म्हणून मला बोलावणं आलं: ‘तुमचे लोक लस नाकारतात, जरा समजावा.’ राग गिळून गेलो.

प्रशिक्षक मॅडमनी भाषण दिलंच नाही. लस चुकलेल्या मुलांच्या याद्या काढायला लावल्या. आमच्या गल्लीतल्या नावांपुढे, कारणाच्या रकान्यात, ओळीने ‘नकार’.

“विचारलं कुणी होतं?”

सगळ्या गप्प. (मीही कधी विचारलं नव्हतं.)

दुपारी घरं फिरलो. लसीकरण सकाळी, आणि आया त्याच वेळी कांड्या भरायला गेलेल्या. एकीने नवव्या महिन्यात डोस दिला होता. सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा असतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एक बाळ आईच्या माहेरी. खरा नकार एकच निघाला, माझ्या सख्ख्या मामूंचा. नातवाला पहिल्या लसीनंतर ताप आला होता.

आशाताईंनी ‘नकार’ खोडून खरी कारणं लिहिली. पुढचं सत्र संध्याकाळी लागलं. मामूंच्या घरापुढचा ‘नकार’ मात्र मीच तसा राहू द्यायला सांगितला. जुम्म्याच्या नमाजनंतर त्यांना गाठतो. अजून ऐकत नाहीत.