घंटेचा कागद

रेल्वेची जुनी घंटा विकायला निघालेल्या माणसाला निदान ती कशाची घंटा आहे, एवढं तरी माहीत असावं. मला तेही माहीत नव्हतं. आमच्याकडे तिला सगळे ‘इंजिनाची घंटा’ म्हणत. आईचे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते, त्यामुळे घंटा इंजिनाचीच असणार, हे गृहीतच होतं. भुसावळचं घर विकलं, सामानाच्या वाटण्या झाल्या, घंटेला मात्र कुणी हात लावेना. शेवटी मामा म्हणाला, “तू पुण्यात असतेस, तुला गिऱ्हाईक मिळेल. घेऊन जा.” किराणा दुकानातल्या काट्यावर तिचं वजन साडेदहा किलो भरलं. टेपने तोंडाचा व्यास मोजला, तो दहा इंच. अंगावर जी.आय.पी.आर. अशी चार इंग्रजी अक्षरं कोरलेली आणि खाली एक आकडा. ही अक्षरं मी लहानपणापासून पाहत आले होते. ती ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे या कंपनीची, हे आत्ता शोधल्यावर कळलं.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर राहतात. त्यांना घंटा दाखवली. त्यांनी ती कडीला धरून उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि म्हणाले, “ही इंजिनावरची नाही गं. आपल्या इंजिनांना शिटी असायची. घंटा असते अमेरिकेतल्या इंजिनांना.” मग त्यांनी कारणही सांगितलं. अमेरिकेत रूळ गावांच्या रस्त्यांमधून, कुंपणाशिवाय जात. माणसं नि गुरं बाजूला व्हावीत म्हणून बॉयलरच्या पाठीवर घंटा बसवलेली असे आणि फायरमन दोरी ओढून ती वाजवत राही. आपल्याकडे इंग्रजांची पद्धत आली: रुळांना कुंपण, रस्त्याला फाटक, इंजिनाला शिटी. फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यातून 1947 साली डब्ल्यूपी जातीची पहिली 16 इंजिनं भारतात आली, त्यांच्यावरही घंटा नव्हती. “ही स्टेशनातली,” ते म्हणाले. “मागच्या स्टेशनातून गाडी सुटल्याची खबर आली की पॉइंट्समन टोल द्यायचा. त्या टोलावर लोक बोचकी उचलून उभे राहायचे. लहान स्टेशनांत तर घंटाही नसायची, रुळाचा तुकडा टांगलेला असायचा.” घरात दोन पिढ्या चालत आलेली इंजिनाची गोष्ट पाच मिनिटांत संपली. मला मात्र ती बोचकी उचलणारी माणसं जास्त आवडली.

मावशीचा फोन आला, की चिंच लावून चकचकीत कर, भाव चांगला येईल. चिंच भिजत घातली होती. त्याच दिवशी दुसऱ्या कामासाठी तांबट आळीत जायचं होतं, म्हणून घंटेचे फोटो आणि तिच्या आवाजाचं रेकॉर्डिंग तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरांना दाखवलं. आवाज त्यांनी दोनदा ऐकला. “हे पितळ नाही ताई, कांसं आहे. पितळेत तांबं नि जस्त, कांशात तांबं नि कथील. साधारण पाचातला एक वाटा कथील घातलं की आवाज असा लांबतो. पितळ इतका वेळ गात नाही.” चिंचेचं ऐकून त्यांनी दोन्ही हात वर केले. चिंचेने धातूवरचा काळपट थर जातो, आणि जुन्या वस्तूच्या गिऱ्हाइकाला तोच हवा असतो. वर्षानुवर्षं घासून अक्षरांच्या कडाही बोथट होतात. घरी येऊन भिजलेल्या चिंचेची आमटी केली.

मग वय. मी समजत होते की कंपनीचं नाव आहे म्हणजे साल आपोआप निघेल. जी.आय.पी.ची स्थापना 1849 ची. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती हिचीच. 1925 साली सरकारने कारभार हाती घेतला, पण नाव तेच राहिलं आणि 5 नोव्हेंबर 1951 ला मध्य रेल्वे झाली तेव्हा ते गेलं. म्हणजे चार अक्षरांनी मला जवळपास शंभर वर्षांचा पट्टा दिला, साल दिलंच नाही. आणि नेमकं शंभर वर्षांवरच कायदा अडतो. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. ओळखीतून इंग्लंडमधल्या एका संग्राहकाची विचारणा आली होती. आकडा मोठा होता. घंटा तेवढी जुनी नाही असा पुरातत्त्व खात्याचा दाखला मिळाला असता तर ती पाठवता आली असती, पण ती तेवढी जुनी नाही असं मी तरी कशाच्या आधारावर म्हणणार? त्याला नाही कळवलं.

चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, मी घंटा पिशवीत घेऊन गेले. एका दुकानात जी.आय.पी.आर. लिहिलेल्या चार घंटा ओळीने टांगलेल्या होत्या. पाहून माझा धीरच सुटला. दुकानदार भला माणूस. त्याने त्यातली एक उतरवून माझ्या घंटेशेजारी ठेवली आणि दोन्हींच्या आत बोट फिरवायला सांगितलं. त्याच्या घंटेचा काठ आतून सगळीकडे सारखा होता. माझ्या घंटेत, लोलक जिथे आपटतो तिथे समोरासमोर दोन खळगे होते. नखाला जाणवतील असे, बाजूच्या काळपट धातूपेक्षा उजळ, आणि त्यातला एक दुसऱ्यापेक्षा खोल. दोरी एकाच बाजूने ओढली जाई, म्हणून तसं असावं. “हे बनवता येत नाही,” तो म्हणाला. “अक्षरं कुणीही कोरतो.” त्याच्या चारही घंटा नव्या ओतलेल्या होत्या आणि गिऱ्हाइकाला तो तसं सांगूनच विकत होता. मग त्याने विचारलं, “कागद आहे?”

कसला कागद, हे मला कळेना. त्याने समजावलं. रेल्वेच्या मालमत्तेसाठी 1966 चा स्वतंत्र कायदा आहे. चोरीची असावी असा रास्त संशय येण्याजोगी रेल्वेची वस्तू कुणाकडे सापडली, तर ती रीतसर आली हे त्यानेच सिद्ध करायचं. नाहीतर पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. “खरी आहे म्हणूनच कागद पाहिजे. खोटीला कोण विचारतो?” कागदाशिवाय तो कांशाच्या मोडीचा भाव द्यायलाही तयार नव्हता. आजोबांना मी फार सरळ माणूस म्हणून ओळखते. तरी परतीच्या गाडीत पिशवी पायाशी घेऊन बसले होते तेव्हा तिकीट तपासनीस आला आणि माझ्या छातीत धडधडलं.

मामाला फोन केला. तो म्हणाला, “अण्णांनी लिलावात घेतली होती, मला आठवतं.” आठवण कायद्यापुढे चालत नाही, हे त्याला सांगताना मला वाईट वाटलं. आजोबांची ट्रंक मावशीकडे होती. तिने दोन रविवार घालवून विम्याच्या पावत्या, आमच्या आईच्या शाळेचे दाखले, रेल्वेचे जुने पास असं सगळं उपसलं आणि पेन्शनच्या कागदांत घडी केलेली पावती काढली. भंगाराच्या लिलावाची. गोल शिक्का, आजोबांचं नाव, आणि इंग्रजीत हाताने लिहिलेली यादी: स्टेशनची पितळी घंटा एक, हातकंदील दोन. पितळी! कारकुनालाही तांबट आळीतल्या कानांची गरज होती. पण ‘स्टेशनची’ हा शब्द तिथे स्वच्छ होता. ड्रायव्हरकाका बरोबर होते. आणि घंटेवरचा आकडा कंसात टिपलेला होता. तोच कोरलेला आकडा. त्या कारकुनाचे माझ्यावर उपकार आहेत.

गिऱ्हाईक शेवटी नाशिकचं मिळालं, रेल्वेतूनच निवृत्त झालेले अभियंते. त्यांनी घासाघीस केली नाही, अटी घातल्या. पावतीची मूळ प्रत हवी. वारस तिघं, म्हणजे मामा, मावशी आणि आईच्या वतीने मी; तिघांच्या सह्यांचं विक्रीपत्र हवं. आतल्या खळग्यांचे आणि आकड्याचे फोटो त्याला जोडायचे. मी पावतीची झेरॉक्स ठेवून घेतली. आलेल्या पैशांचे तीन वाटे केले. मोडीच्या भावाच्या कितीतरी पट मिळाले, आणि त्यातला मोठा भाग त्या पिवळ्या पडलेल्या कागदाने मिळवून दिला, असं मी मानते.

पावती वाचताना अभियंत्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “हे दोन हातकंदील कुठे आहेत?” मामाला विचारलं. एक त्याच्या माळ्यावर आहे, काच फुटलेला. दुसऱ्याचा पत्ता नाही. झेरॉक्स मी त्याला पाठवली आहे, आणि कंदील घासू नकोस असंही बजावलं आहे.