कंबर, पट्टा आणि पोथी

मराठी भाषेने कंबरेस फार राबविले आहे. काम अंगावर घ्यावयाचे तर आपण कंबर कसतो, उमेद सरली की आपली कंबर खचते, आणि महागाई वाढली म्हणजे संसाराचे कंबरडे मोडते. ज्या अवयवावर भाषेनेच एवढा भार घातला, त्याने एखादे दिवशी खरोखरच दगा दिला म्हणजे मनुष्य दुखण्याइतकाच भीतीनेही वाकतो. आपण आता मोडलो, ही ती भीती होय.

या दुखण्यास जितके वैद्य लाभले तितके दुसऱ्या कोणत्याही दुखण्यास लाभले नसतील. घरात कोणास उसण भरली असे कळताच आजी विटेचा शेक सांगते, शेजारी तेलाची बाटली घेऊन येतात, आणि पायाळू माणसाचा पाय पाठीस लावून घ्या, असे सुचविणारा एक तरी हटकून भेटतो. जन्मताना जो पायांकडून आला त्याच्या पायास उसण घालविण्याचा गुण असतो, या समजुतीची थट्टा करण्याचे आमच्या मनात नाही. बहुतेक उसणी काही आठवड्यांत आपल्या आपण ओसरतात. त्या अवधीत ज्याचा पाय लागेल त्याच्या पदरी यश पडते. पुढे हेच यश विजेच्या यंत्रांच्या पदरी पडू लागले, एवढेच.

गेल्या हिवाळ्यात आमच्याही कंबरेने असहकार पुकारला आणि खारदांड्यातील एका लहानशा उपचारगृहाची पायरी आम्हांस काही दिवस चढावी लागली. खारचे रेल्वे स्थानक 1924 सालचे. दांड्याचा कोळीवाडा त्याच्या पुष्कळ आधीचा. आज त्याच्या भोवती उंच इमारतींनी कोंडाळे केले आहे. तरी समुद्राकडच्या अंगास वलांडीवर बोंबील वाळत असतात, आणि जमिनीवर पसरलेला जवळा बायका कंबरेत वाकून परतीत असतात. त्यामुळे त्या उपचारगृहाच्या बाकावर दोन प्रकारच्या कंबरा शेजारी शेजारी बसत. एक दिवसभर खुर्चीत बसून आखडलेली, दुसरी मासळीची पाटी उचलून दमलेली. दुखणे मात्र दोघींचे एकच.

उपचार करणाऱ्या बाई तरुण होत्या. खोलीच्या मधोमध पडदा असल्याने पलीकडचे बोलणे आम्हांस सहज ऐकू येई. एके दिवशी एक वयस्क कोळीण आली. बाईंनी तिला मावशी म्हणून बसविले आणि प्रश्नांस आरंभ केला. ताप येतो का? वजन उतरले का? रात्री झोपेतून उठविण्याइतके दुखते का? लघवीस अडते का? बैठकीच्या जागी बधिरता वाटते का? पायातले बळ कमी झाले का? हेच प्रश्न आम्हांसही पहिल्या दिवशी विचारले गेले होते. अशा प्रश्नांत धोक्याच्या खुणा शोधावयाच्या असतात. त्या सापडल्या तर रुग्णास तत्काळ डॉक्टरांकडे धाडावयाचे असते. परदेशी पुस्तकांत कण्याचा क्षय हा विरळा रोग म्हणून उल्लेखिलेला असतो. परंतु जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश ज्या देशात आहेत, तेथे बारीक ताप आणि उतरते वजन यांविषयीचा प्रश्न उपचार म्हणून उच्चारून चालत नाही.

मावशींच्या ठायी अशी खूण निघाली नाही. तेव्हा बाईंनी सांगितले, की हाड मोडलेले नाही, निजून राहू नका, हिंडत्याफिरत्या राहा. मावशी म्हणाल्या, "मी निजली तर पाटी कोन उचलेल, बाय?" विश्रांती घेऊ नका हा सल्ला, जिला विश्रांती कधी मिळालीच नाही तिला दिला जावा, यात थोडा विनोद आहे खरा. तथापि या सल्ल्यामागे पुष्कळ श्रम आहेत. पूर्वी कंबर धरली म्हणजे डॉक्टर आठ-आठ दिवस अंथरुणावर पडून राहावयास सांगत. 1986 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात दोन दिवस निजणाऱ्यांची आणि सात दिवस निजणाऱ्यांची तुलना झाली. दोन दिवसवाले कामावर लवकर परतले आणि त्यांचे काही बिघडले नाही. 1995 साली फिनलंडमध्ये हेल्सिंकी शहराच्या नोकरवर्गावर झालेल्या प्रयोगात, जे आपले नित्याचे व्यवहार झेपतील तसे करीत राहिले तेच सर्वांत लवकर सावरले. अशा अनेक प्रयोगांचा निष्कर्ष तोलून जाणत्यांची मंडळे जी मार्गदर्शक सूत्रे काढतात, त्यांस आम्ही येथे पोथी म्हणतो.

जागतिक आरोग्य संघटनेने अशी एक पोथी डिसेंबर 2023 मध्ये प्रसिद्ध केली. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या आणि विशिष्ट कारण न सापडणाऱ्या कंबरदुखीसाठी ती आहे. रुग्णास त्याचे दुखणे नीट समजावून सांगावे, त्यास व्यायाम द्यावा, मन खचले असेल तर त्याचीही दखल घ्यावी, मालीशही चालेल, असे ती म्हणते. कंबरेचे पट्टे, ओढ लावणे, ध्वनिलहरींचे यंत्र आणि त्वचेवर चिकटवावयाच्या विजेच्या पट्ट्या, यांचा सरसकट वापर करू नये असेही ती सांगते. पुरावा पुष्कळ ठिकाणी दुबळा आहे हेही ती लपवीत नाही, हा तिचा प्रामाणिकपणा आम्हांस विशेष आवडला.

आता वाचकांनी आपल्या परिचयाचे उपचारगृह आठवावे. तेथे प्रथम दृष्टीस काय पडते? पोथीने ज्यांस बाजूस सारले तीच यंत्रे. हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. 2019 साली अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून तपासल्या गेल्या. हाडे-स्नायूंच्या दुखण्यांत पोथीने सांगितलेले उपचार निवडणाऱ्या भौतिकोपचारतज्ज्ञांचे प्रमाण मध्यम मानाने 54 टक्के भरले. बाकीचे सारे अज्ञानी किंवा लोभी होते, असे मानणे अन्यायाचे होईल. रुग्ण पैसे मोजून येतो तो आपल्यावर काहीतरी केले जावे म्हणून. यंत्र लावले की उपचार झाल्यासारखे वाटते. "घाबरू नका, चाला" या शब्दांचे मोल देण्यास हात खिशाकडे जात नाही. शिवाय यंत्र एकदा लावले म्हणजे दुसऱ्या रुग्णाकडे वळता येते. समजावून सांगावयाचे तर समोर बसावे लागते.

वस्तुतः ही विद्या मुंबईत आली ती यंत्रांसाठी नव्हे. 1952 च्या सुमारास येथे पोलिओची साथ आली, आणि तिच्यापाठोपाठ परळच्या केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, भौतिकोपचाराची शाळा निघाली. लुळ्या पडलेल्या मुलांस धीर देऊन, एकेक स्नायू जागवून, पुन्हा उभे करण्याचे ते काम होते. कंबरेच्या बाबतीत आजची पोथी या धंद्यास त्याच्या मूळ कामाकडेच परत बोलावीत आहे, असे आम्हांस वाटते.

पण पोथी हाती असली म्हणजे सारे भागते काय? त्याच मावशींनी पिशवीतून एक पट्टा काढला. मुलाने आपल्या कमाईतून तो आणला होता. याने बरे वाटते, मी तो बांधणारच, असे त्यांचे म्हणणे पडले. पोथीप्रमाणे उत्तर सरळ होते. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मावशी, बाजाराला जाताना आठ दिवस बांधा. घरात नको. नवव्या दिवशी मला येऊन दाखवा. तोवर मी सांगते ते रोज करायचे." मग पाटी जमिनीवरून एकटीने न उचलता ओट्यावर ठेवून दुसरीच्या हाताने डोक्यावर घेणे, बसावयास पाटाऐवजी उंच चौरंग घेणे, आणि उठता-बसता करावयाचे दोन व्यायाम, एवढे त्यांनी शिकविले व मावशींकडून करवून घेतले.

बाईंनी पोथी मोडली काय? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. पट्टा सरसकट देणारा आणि या बाई, यांच्या हातून वरकरणी एकच गोष्ट घडली. परंतु आपण नियमापासून कोठे सरलो, कशासाठी सरलो, आणि कोणत्या दिवशी परत फिरणार, हे बाईंस ठाऊक होते. पट्टा तेथल्या तेथे हिसकावला असता तर त्याबरोबर मुलाची माया आणि मावशींचा विश्वासही गेला असता. मग व्यायाम कोणी केला असता? पोथी लिहिणाऱ्यांस दांड्याची पाटी ठाऊक नसते, असावी अशी अपेक्षाही नाही. ती ठाऊक असणे हे समोर बसलेल्या माणसाचे काम आहे. मात्र ज्याने पोथी वाचलीच नाही त्याने "आमचा अनुभव वेगळा" असे म्हणणे निराळे. तो अनुभव पायाळू माणसाच्या अनुभवाहून फार वेगळा नसतो.

सुशिक्षित घरांत हा प्रश्न निराळ्या रूपाने येतो. आपण पट्ट्यावर न थांबता चुंबकीय छायाचित्र काढून आणतो, आणि त्यावरील "गादी झिजली" हे शब्द वाचून गर्भगळीत होतो. 2015 साली 3110 लोकांच्या छायाचित्रांचा आढावा घेतला गेला. या सर्वांची पाठ मुळीच दुखत नव्हती. तरी विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या मणक्यांमधील गाद्या झिजलेल्या दिसल्या. केस पिकले म्हणून कोणी शस्त्रवैद्याकडे धावत नाही. गादीची झीजही पुष्कळदा त्याच जातीची असते. धोक्याच्या खुणा नसताना काढलेले असे छायाचित्र बहुधा भीतीच वाढविते, आणि भ्यालेला मनुष्य वाकावयाचे, उचलावयाचे, अखेर चालावयाचेही सोडतो. सांधा निरोगी असून माणूस अपंग होतो, तो असा.

2020 साली जगात 61 कोटी 90 लक्ष लोकांस कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. इतक्या मोठ्या संख्येपुढे दांड्यातील ते पडद्याआडचे संभाषण क्षुल्लक वाटेल. परंतु पोथी कितीही थोर मंडळाने लिहिली तरी ती अखेर अशाच एखाद्या खोलीत, एका माणसाने दुसऱ्यास, त्याच्या भाषेत सांगावी लागते. घरातील वडील माणसाची पाठ धरली तर आपण उपचार करणाऱ्यास एवढे अवश्य विचारावे: धोक्याची खूण आहे का, आणि नसेल तर आम्ही स्वतः काय करावे? जो या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी यंत्र बंद करून समोर बसतो, त्याच्याकडे आपले माणूस निश्चिंतपणे सोपवावे.