चुन्याची भिंत

सांगलीहून लग्न होऊन मी जयपूरला आले, ती जुन्या शहराच्या चौकडी मोदीखाना या भागातल्या हवेलीत. चार बिऱ्हाडं, मध्ये चौक. मणिहारांच्या, म्हणजे बांगड्या घडवणाऱ्यांच्या, रस्त्यावरची शेजारची घरं एकेक करून गोदामं होत होती. जो तो मानसरोवर या नव्या वस्तीत फ्लॅट बघत होता. आम्हीही बघत होतो.

एका पावसाळ्यात चौकाची भिंत फुगून पडली. सासूबाईंनी एका म्हाताऱ्या गजधरांना, म्हणजे जुन्या पद्धतीच्या गवंड्यांना, बोलावलं. ते उरलेल्या भिंतीवर बराच वेळ हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "इसको सीमेंट ने मारा है, बेटा." दगड-चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडते, वरच्या सिमेंटच्या गिलाव्याने ती आतच कोंडली होती.

आम्ही आमेरला जाऊन अनोखीची हवेली पाहून आलो. पडकी वास्तू दुरुस्त करून तिथे २००५ साली ठशांच्या छपाईचं संग्रहालय उघडलं आहे. जुनं घर उभं राहू शकतं, एवढी खात्री आम्हाला हवी होती.

मग वर्गणी काढली. ज्यांना पैसे झेपले नाहीत, त्यांनी हात दिले. हौदात कळीचा चुना भिजला, त्यात गूळ आणि मेथीचं पाणी पडलं. शेवटचा थर आराइशचा: चुना आणि संगमरवराची पूड, अकीकच्या दगडाने घोटायची. माझे खांदे आठवडाभर दुखत होते, पण भिंतीत हाताचं प्रतिबिंब दिसायला लागलं तेव्हा सासूबाई रडल्या.

भिंतीपेक्षा मोठं काम पुढे झालं. तळमजल्याची खोली एक व्यापारी गोदामासाठी दुप्पट भाड्याने मागत होता. सगळ्यांनी बसून ठरवलं, खोली लाखेचे चुडे घडवणाऱ्या एका चाचींना द्यायची. त्यावरून भांडणं झाली, एक बिऱ्हाड सोडूनही गेलं. तरी तो निर्णय बरोबरच होता, असं मी आजही म्हणेन. आता सकाळी चौकात कोळशाची शेगडी पेटते आणि गल्लीतल्या दोन मुली चाचींकडे लाख वळायला शिकतात.

२०१९ साली जयपूरचं परकोटातलं, म्हणजे तटबंदीच्या आतलं, जुनं शहर जागतिक वारसा ठरलं. लोक हवामहल बघून परततात. तुम्ही आलात तर त्रिपोलिया बाजारातून आमच्या रस्त्यात वळा. चुडा घ्यायचा तर घडवणाऱ्या बाईच्या शेगडीसमोर बसून घ्या, आणि पैसे तिच्या हातात द्या.