काहीतरी गोड?

जेवण झालं, पोट भरलं, तरी जीभ विचारतेच, "काहीतरी गोड?" आमच्या आईची दृष्टी मधुमेहाने गेली, म्हणून हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे साधारण ६ चमच्यांच्या आत ठेवली तर अधिक चांगलं. दोन-तीन कप चहातच त्यातली बरीच संपते! गुळाची पळवाटही खरी नाही. तोही रक्तातली साखर वाढवतोच.

तल्लफ आली, की मी बडीशेप चघळत अंगणात फेऱ्या मारते. थोड्या वेळाने ती ओसरते. होळीची पुरणपोळी मात्र सोडलेली नाही. अर्धीच, पण तूप घालून, सावकाश. एरवी 'नको' म्हटलेलं असलं, की त्या दिवशीचा घास किती गोड लागतो म्हणून सांगू!